खाशाबा जाधव : उपेक्षेची कथा आणि कुस्तीचा इतिहास

खाशाबा जाधव यांचे चरित्र महाराष्ट्रात बहुतेकांना तीन वाक्यांत ठाऊक असते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. तिथे जाण्यासाठी त्यांच्यापाशी पैसे नव्हते. आणि पुढे सरकार व समाज या दोघांनीही त्यांची उपेक्षा केली. ही तिन्ही वाक्ये खरी आहेत. तरीही ती एकापुढे एक मांडली की त्यांतून जो माणूस उभा राहतो तो जवळजवळ संपूर्णपणे अन्याय सोसणारा माणूस असतो. तो कुस्ती कशी करीत होता, कोणत्या डावात तयार होता, तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाने गादीवरची परकी कुस्ती कशी आत्मसात केली, याविषयी या तीन वाक्यांत चकार शब्द नाही. उपेक्षेची आठवण आपण जपली आणि ज्या कर्तृत्वाची उपेक्षा झाली ते कर्तृत्व मात्र विसरलो, असे काहीसे घडले आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार करावयाचा आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी हा विचार का करावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की चरित्र हा आपला प्रांत आहे. एखाद्या आयुष्याची कथा होताना तीत काय उरते आणि काय गळते, हे पाहणे इतिहासकाराइतकेच वाङ्मयाच्या वाचकाचेही काम आहे. खाशाबांच्या बाबतीत अधिकृत नोंद अगदी त्रोटक आहे आणि लोककथा भरघोस आहे. या दोहोंच्या मध्ये जी मोकळी जागा आहे तिथे खरा मल्ल उभा आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते आणि पाच मुलांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे शालेय शिक्षण झाले आणि नंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. वरवर पाहता हा एका विद्यार्थ्याचा साधा प्रवास आहे. परंतु कुस्तीच्या दृष्टीने तो घरच्या आखाड्यातून राजधानीकडे झालेला प्रवास होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी कुस्तीला जो राजाश्रय दिला त्यातून कोल्हापुरात पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या आणि 1912 साली खासबागचे भव्य मैदान बांधून पूर्ण झाले. कुस्तीचे शिक्षण, परीक्षा आणि प्रेक्षक या तिन्ही गोष्टी एकाच गावात मिळतील अशी जागा त्या काळी देशात विरळाच होती.

या संस्कृतीची खोली पाहायची असेल तर आपल्या भाषेकडेच पाहावे. आपण वादात प्रतिस्पर्ध्याला ‘चीतपट’ करतो, निवडणुकीत ‘शड्डू ठोकतो’, राजकारणात ‘डावपेच’ आखतो, पराभूताला ‘अस्मान दाखवतो’. नाटकाच्या सरावाला ‘तालीम’ म्हणताना तो शब्द आखाड्याचाही आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. म्हणजे बोलण्यात कुस्ती पावलोपावली आहे. मात्र प्रत्यक्ष कुस्तीविषयी, म्हणजे पकड कशी बसते, तोल कसा जातो, अंगातली ताकद केव्हा राखायची आणि केव्हा खर्चायची याविषयी मराठी गद्यात शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. वस्तादाचे ज्ञान तोंडी होते आणि अंगाअंगातून पुढच्या पिढीकडे जात होते. लिहिणाऱ्यांचा वर्ग त्या हौद्यात उतरला नाही आणि हौद्यातल्या माणसाच्या हाती लेखणी क्वचितच आली. खाशाबांच्या चरित्रातील पहिली पोकळी या दुराव्यातून निर्माण झाली आहे.

1948 साली लंडनला ऑलिम्पिक भरले. खाशाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. फ्लायवेट म्हणजे 52 किलोच्या गटात ते उतरले आणि सहावे आले. हा क्रमांक ऐकून आज कोणी टाळ्या वाजवणार नाही. पण हा मल्ल कोणत्या खेळातून कोणत्या खेळात गेला होता हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सहाव्या क्रमांकाचे मोल कळते. मातीतल्या कुस्तीत निकाल एकच असतो. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपली. तोवर वेळेची घाई नाही. माती पायाला धरते, घामाने निसटणारे अंग तिने कोरडे होते. गादीवर यांतले काहीच नसते. तिथे पाय वेगळ्या तऱ्हेने रोवावा लागतो, वेळेचे बंधन असते, आणि पाठ लागली नाही तरी पंच आपापल्या मताने कौल देतात. मातीतला मल्ल योग्य क्षणाची वाट पाहायला शिकलेला असतो. गादीवर नुसती वाट पाहत राहणे अंगाशी येऊ शकते. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने खाशाबांना मार्गदर्शन केले असे त्यांच्या चरित्रकथांतून सांगितले जाते. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव मानला जाई. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून, अंग वळवून त्याला खाली आणण्याचा हा डाव ताकदीपेक्षा वेळ साधण्यावर अवलंबून असतो. 52 किलोच्या माणसाला तो शोभणारा होता. पुढच्या चार वर्षांत त्यांनी हा देशी डाव आणि परदेशी नियम यांची सांगड घातली. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कर्तृत्व म्हणजे ही चार वर्षे होत, असे आम्हांस वाटते. आणि नेमकी याच चार वर्षांवर त्यांच्या कथेत सर्वांत कमी वाक्ये खर्च होतात.

याच चार वर्षांत आणखी एक घटना घडली. तिचा खाशाबांशी असलेला संबंध सहसा सांगितला जात नाही. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ही इष्ट गोष्ट होती यात शंका नाही. परंतु मल्लांच्या दृष्टीने एक जुना आश्रयदाता त्या दिवशी इतिहासजमा झाला. 1948 साली दरबारातून आलेला पैसा 1952 साली येण्याची वाट उरली नव्हती. नव्या राज्ययंत्रणेत त्या जागी दुसरी व्यवस्था अद्याप आली नव्हती. अखिल भारतीय क्रीडा परिषद 1954 साली स्थापन झाली. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था आणि अर्जुन पुरस्कार या दोहोंची सुरुवात 1961 साली झाली. म्हणजे राजाश्रय संपला होता आणि लोकाश्रयाची संस्था जन्मास यायची होती, अशा मधल्या पोकळीत खाशाबांचे हेलसिंकी आले.

ती पोकळी कोणी भरून काढली? राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गोळेश्वर आणि परिसरातील लोकांनी वर्गणी जमवली, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. शिक्षकी पेशातील आम्हां मंडळींना ही हकीकत साहजिकच प्रिय आहे. पण तिच्याकडे केवळ त्यागाचा प्रसंग म्हणून पाहिल्यास तिचा ऐतिहासिक अर्थ निसटतो. दरबार गेला आणि शासन पोचले नाही, तेव्हा महाविद्यालय आणि गाव या दोन संस्थांनी मिळून राष्ट्राचे काम अंगावर घेतले. खाशाबांच्या पदकाचा खर्च अशा रीतीने कऱ्हाड-कोल्हापूरच्या माणसांनी उचलला. निवडीच्या वेळीही त्यांच्यावर अन्याय झाला होता, पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली आणि पुन्हा कुस्ती लावल्यावर त्यांनी ती जिंकून संघात स्थान मिळवले, असेही सांगतात.

हेलसिंकीत ते बँटमवेट म्हणजे 57 किलोच्या गटात उतरले. चार वर्षांत वजनाचा एक गट ते वर चढले होते. पण त्याहून महत्त्वाचा फरक गटाच्या रचनेत होता. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला महायुद्धातील पराभूत राष्ट्रे म्हणून जर्मनी आणि जपान यांना बोलावणे नव्हते, आणि सोव्हिएत संघानेही भाग घेतला नव्हता. 1952 साली हे तिन्ही देश मैदानात होते. सोव्हिएत संघाचे तर ते पहिलेच ऑलिम्पिक. खाशाबांनी ज्यांच्याशी हात मिळवले त्या मल्लांची नावे पाहिली तर हा बदल डोळ्यांसमोर उभा राहतो. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर त्यांनी मात केली. सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव आणि जपानचा शोहाची इशीई यांच्याकडून ते हरले. पाच प्रतिस्पर्ध्यांपैकी तिघांचे देश चार वर्षांपूर्वी स्पर्धेतच नव्हते. लंडनच्या तुलनेत हेलसिंकीचे मैदान कितीतरी अधिक भरलेले होते, आणि अशा मैदानात सहाव्याचा तिसरा होणे ही साधी प्रगती नव्हे. ‘नुसते’ कांस्य म्हणून हळहळणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

त्या गटात सुवर्णपदक इशीई यांना मिळाले. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक होते. इशीई मूळचे जुदोचे खेळाडू. युद्धानंतर अमेरिकी अंमलाखालील जपानमध्ये शाळांतून जुदोवर बंदी आली आणि ते गादीवरच्या कुस्तीकडे वळले. म्हणजे हेलसिंकीच्या त्या गादीवर आपापली देशी विद्या घेऊन परक्या नियमांत उतरलेले दोन आशियाई मल्ल समोरासमोर आले होते. एकाच्या मागे पराभवातून उठणारे राष्ट्र होते, दुसऱ्याच्या मागे नुकतेच स्वतंत्र झालेले. या दृष्टीने ती कुस्ती विसाव्या शतकाच्या इतिहासातील एक अर्थपूर्ण घटना आहे. आपल्याकडे मात्र ती ‘खाशाबा थकले होते’ एवढ्याच वाक्यात संपते.

हे वाक्य ज्या हकिकतीतून येते तीही पाहिली पाहिजे. एका दीर्घ कुस्तीनंतर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी असताना खाशाबांना लगेच मम्मदबेयोवशी लढण्यास बोलावले गेले आणि हरकत घेण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. हकीकत अशक्य कोटीतली नाही. पथकांच्या व्यवस्थापनाची त्या काळची स्थिती पाहता ती सहज घडू शकेल अशी आहे. तथापि कथा म्हणून तिचे कार्य काय आहे, हे तपासले पाहिजे. ती पराभवाची जबाबदारी मल्लावरून काढून अनुपस्थित अधिकाऱ्यावर टाकते. त्यामुळे आपला नायक अजिंक्य राहतो; पण त्याच वेळी त्याचे प्रतिस्पर्धी पुसले जातात. इशीई आणि मम्मदबेयोव हे आपापल्या परीने उत्तम मल्ल होते, आणि अशा दोघांच्या पाठोपाठ तिसरे येणे हीच खाशाबांची खरी उंची होती. प्रतिस्पर्ध्याला लहान केले की नायकही लहान होतो, हा महाकाव्यांचा जुना धडा इथेही लागू पडतो.

23 जुलै 1952 रोजी हे पदक निश्चित झाले. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सला हरवून सुवर्णपदक जिंकले. हॉकीचे सुवर्ण हा तोवर राष्ट्राच्या अभिमानाचा ठरलेला विषय झाला होता. एकट्या मल्लाच्या कांस्यपदकासाठी शब्दही तयार नव्हते आणि चौकटही तयार नव्हती. त्याच स्पर्धेत केशव मानगावे हे कोल्हापूरच्याच परंपरेतील मल्ल वरच्या गटात चौथे आले, हे तर आज फारच थोड्यांना ठाऊक आहे. एका प्रांतातील एका मल्लपरंपरेने एकाच ऑलिम्पिकमध्ये तिसरा आणि चौथा क्रमांक मिळवावा, ही गोष्ट व्यक्तिगत चमत्काराच्या कथेत बसत नाही. तिचे स्पष्टीकरण तालमीच्या इतिहासात शोधावे लागते.

गावाने मात्र चौकटीची वाट पाहिली नाही. कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि पाव तासाच्या वाटेला सात तास लागले, अशी आठवण सांगितली जाते. आकड्यांत थोडी लोकगीताची भर पडली असेलही. परंतु लोकगीत ज्याच्याभोवती जमते त्याला लोकांनी ओळखलेले असते. पुढे खाशाबांनी कुस्त्या करून प्राचार्यांचे कर्ज फेडले असे सांगतात. 1955 साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकला जाणे हुकले. पोलिसातील नोकरीत बढतीसाठी त्यांना दीर्घकाळ तिष्ठावे लागले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तोही मरणोत्तर, या शतकाच्या उंबरठ्यावर. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी तेथील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. अलीकडे महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून स्वीकारला आहे.

उपेक्षा झाली हे कोण नाकारील? प्रश्न एवढाच आहे की ती कशी झाली. एखाद्या दुष्ट हाताने हे घडवले अशी कल्पना केल्यास मनाला बरे वाटते, कारण मग आपण सुटतो. वस्तुतः तीन कारणे एकत्र आली होती. पहिले कारण संस्थांच्या अभावाचे. ते वर सांगितले. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा खाशाबा मैदानातून बाहेर पडले होते आणि मागच्या कर्तृत्वाची दखल घेण्याची रीत सुचायला अनेक दशके गेली. दुसरे कारण खुद्द कुस्तीच्या जगातले आहे. आपल्या मैदानांचा खरा मान अवजड गटाच्या मल्लाला. गदा त्याच्या खांद्यावर, फेटा त्याच्या डोक्यावर. श्रीपती खंचनाळे, मारुती माने यांची नावे ज्या अभिमानाने गावोगाव घेतली गेली त्या पंक्तीत 57 किलोचा, गादीवर परदेशात लढलेला मल्ल बसवणे मैदानी रसिकालाही सहज जमले नाही. तिसरे कारण आपल्याकडे येते. ज्या मराठीत संत, सुधारक, नट आणि गायक यांची चरित्रे विपुल आहेत, तिला या मल्लाचे अंग, त्याचा सराव, त्याची बुद्धी शब्दांत पकडावी असे वेळेवर वाटले नाही. खाशाबा 1984 पर्यंत हयात होते. हेलसिंकीनंतर बत्तीस वर्षे. त्यांना गादीवर बसवून ‘ढाक कशी लावलीत, सांगा’ असे विचारायला आणि ते उतरून घ्यायला कोणत्याही शासकीय निर्णयाची गरज नव्हती.

त्यांच्यानंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 44 वर्षे लागली; 1996 साली अटलांटाला लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळवले. कुस्तीतील पुढचे पदक 2008 साली सुशील कुमार यांनी आणले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुढच्या वैयक्तिक पदकासाठी 72 वर्षे जावी लागली. 2024 साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्य जिंकले. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांतून खाशाबांचे नाव आले आणि प्रत्येक वेळी तीच तीन वाक्ये छापली गेली.

हा प्रश्न केवळ कऱ्हाड-कोल्हापूरचा नाही. आम्ही ज्या बुलढाणा जिल्ह्यात शिकवतो तिथे कोल्हापूरसारखा राजाश्रय नव्हता आणि खासबागही नव्हते. तरीही मे 2023 मध्ये शांघाय येथील विश्वचषक तिरंदाजीत बुलढाण्याच्या प्रथमेश जवकार यांनी कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या माइक श्लोसर या अव्वल तिरंदाजाला 149-148 असे हरवले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या तिघांतही ते होते. बातमी आली, अभिनंदनाचे फलक लागले. परंतु एका गुणाच्या त्या फरकात काय सामावले होते? पंधरा बाणांपैकी चौदा नेमके दहाच्या वर्तुळात रुतवताना श्वास कसा राखला जातो, बोट केव्हा सुटते, वाऱ्याचा अदमास कसा घेतात, हे मराठीत कोणी लिहून ठेवले आहे काय? ठेवले नाही, तर पन्नास वर्षांनी त्यांच्याही आयुष्याची तीन वाक्ये होतील, आणि ती बहुधा गैरसोयींविषयीच असतील.

आमच्या वर्गांत पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुले-मुली बसतात. त्यांच्यापैकी कोणी तालमीतले, कोणी कबड्डीचे. चरित्र-आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण त्यांच्यासमोर जी पुस्तके ठेवतो त्यांत शरीराने विचार करणारा माणूस जवळजवळ नसतो. त्यांना एक साधा स्वाध्याय देता येईल. गावातल्या जुन्या वस्तादाकडे जावे, एकच डाव पायाच्या पहिल्या हालचालीपासून पाठ लागेपर्यंत समजून घ्यावा, आणि तो न पाहिलेल्या माणसाला दिसेल असा मराठीत लिहावा. हे काम वाटते त्याहून कठीण आहे. भाषेची अशी कसोटी निबंधाच्या ठरीव विषयांत लागत नाही. शिवाय वस्ताद फार काळ थांबणारे नाहीत.

खाशाबांना पुरस्कार मिळावा, त्यांच्या नावाने वास्तू व्हावी, या मागण्या योग्यच आहेत. त्या पुऱ्या करणे शासनाच्या हाती आहे. त्यांची कुस्ती शब्दांत परत मिळवणे मात्र शासनाच्या हाती नाही. ते काम मराठी लिहिणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांच्या वाट्याचे आहे, आणि 1952 पासून ते थकलेले आहे.